वस्तादांचा गडी

वस्तादांचे दोन्ही कान मोडलेले होते. मोडलेले म्हणजे कढईच्या कडेला चिकटून दुमडलेली पुरी असते ना, तसे. मातीत घासून घासून पैलवानांचे कान असे होतात, हे कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही. मी मात्र नेसरीहून शिकायला मावशीकडे नुकती आलेली. वडील शाळामास्तर, त्यामुळे आमच्या घराचा मातीशी संबंध परसातल्या अळवापुरता. कान असे म्हणजे माणूस बहिरा, असं मी ठरवून टाकलं. मावशीनं ताकाचा तांब्या देऊन समोरच्या तालमीत पाठवलं, तर मी उंबऱ्याशी उभी राहून ओरडले, "वस्ताद, ताक आणलंय." खांबाला टेकून डोळे मिटून बसलेला तो डोंगराएवढा माणूस डोळे न उघडताच म्हणाला, "तू जिन्यात असतानाच कळलंतं की, पोरी. उजवी चप्पल सैल हाय तुझी. आंगठा शिवून घे, न्हाईतर पडशील."

दोन दिवसांनी अंगठा तुटला आणि मी जिन्यात पडले.

तेव्हापासून त्या कानांवर माझा जो विश्वास बसला, तो आजतागायत उठलेला नाही. दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकांपुढं म्हैस पिळली जात असताना ते पाठ करून उभे राहत आणि नुसत्या धारेच्या आवाजावरून सांगत, "आज बिथारलीया, लौकर सोडा तिला." हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, दोन पोरं एकमेकांना भिडलेली असताना हे खांबाला टेकून, डोळे मिटून. मधेच म्हणत, "तुक्या, दम कोंडतुयास. सोड." तुका दम सोडे आणि पुढच्याच झटक्याला वरचा गडी खाली येई. त्यांचं म्हणणं एकच असे. "माणूस त्वांडानं खोटं बोलंल, डोळ्यानं बी बोलंल. दमानं न्हाई बोलत."

आता त्या वेळची मी कशी होते तेही सांगायला हवं, म्हणजे पुढची गंमत कळेल. मी फिजिक्स घेऊन बीएस्सी करत होते. आमच्या घराण्यात हे शास्त्र माझ्याआधी कुणी शिवलेलं नव्हतं, आणि मी ते साऱ्या पेठेला विसरू देत नसे. डोळ्यांना काळा चष्मा, अंगावर व्हॉइलची साडी, हातात जाड इंग्रजी पुस्तक. पुस्तक उघडलेलं नसायचं, नुसतं हातात असायचं. मावशीकडे पाहुणे आले की मी त्यांना चहा कसा थंड होतो ते समजावून सांगत असे, आणि तोवर त्यांचा चहा खरोखरच थंड होत असे. वस्तादांनी माझं नाव कधी विचारलंच नाही. "बीएस्सी" म्हणूनच हाक मारली. मला तो सन्मान वाटायचा.

तालमीत बायकांनी जायचं नाही, असा रिवाज होता. पण उंबऱ्यावरून सगळं दिसायचं. आत मारुती, मग हौदा, मग भिंतीला लावलेले मुद्गल, आणि मुद्गलांच्या शेजारी लाकडी घोडीवर बसवलेली एक मोटर. नावेच्या मागे लावायची. खाली पंखा, वर डोकं, डोक्याला ओढायची दोरी. मूळचा रंग हिरवा असावा. संस्थान विलीन झालं तेव्हा राधानगरीच्या पाण्यावर शिकारीला वापरलेलं बरंच सामान लिलावात निघालं, त्यातली ही म्हणे. पेठेची सगळी तालीम पुराच्या पाण्यात याच मोटरीच्या भरवशावर उतरत असे. वर राधानगरी धरणाची दारं उघडली की पंचगंगा फुगायची, चिखली-आंबेवाडी पाण्यात जायची, आणि तालमीची नाव निघायची. मागे मोटरीचा दांडा धरून वस्ताद. वर्षानुवर्षं हेच.

वस्ताद त्या मोटरीला मोटर म्हणत नसत. गडी म्हणत. "गडी आज खुशीत हाय." "गड्याला जरा थंड हू दे." पैलवानांचं मालीश झालं की उरलेलं तेल स्वतःच्या तळव्यानं तिच्या दांड्याला, बिजागऱ्यांना चोळत. हौद्यातली लाल माती असते, हळद, ताक, लिंबू घालून मळलेली, तिचं एक बोट ते पूर यायच्या दिवसांत तिच्या डोक्याला लावत. मी एकदा उंबऱ्यावरून व्याकरण शिकवायला गेले. म्हटलं, "वस्ताद, मोटर स्त्रीलिंगी आहे. तो गडी नाही, ती मोटर."

वस्तादांनी पहिल्यांदाच डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "तू गेलीयास कवा त्याच्यासंगं पुरात?"

"नाही."

"मग गप."

असा हा गडी आदल्या पावसाळ्यात भर प्रवाहात गप्प झाला. नावेत आंबेवाडीच्या बायका, एक वासरू, एका बाईचं शेरडू. वस्तादांनी दोरी ओढली, पुन्हा ओढली, खांद्यातून कळ निघेपर्यंत ओढली. नाव गरगरत एका बुडालेल्या शेतातल्या बाभळीत जाऊन अडकली. शिवा पैलवानानं वल्ही मारून कशीबशी कडेला आणली. माणूस एकही गेलं नाही. त्या गडबडीत त्या बाईच्या हातातला शेरडाचा कासरा सुटला, एवढंच. पुढं ती बाई दर बाजाराला तालमीवरून जाताना उंबऱ्याशी थांबायची, वस्तादांना नमस्कार करायची आणि पुढं जायची. शेरडाचा शब्द कधी काढला नाही तिनं. ती नमस्कार करून गेली की वस्ताद उठून मोटरीपाशी जाऊन उभे राहत. तिनं शिव्या दिल्या असत्या तर ते बरे राहिले असते.

उन्हाळा लागला तशी पेठेत चर्चा पेटली. मोटरीचं काय करायचं? कोल्हापुरात एखाद्या गोष्टीवर दोन पार्ट्या पडल्या नाहीत तर ती गोष्ट घडलीच नाही असं मानतात. इकडे 'बांधा'वाले, तिकडे 'बदला'वाले. बांधायचं म्हणजे इंजिन पूर्ण खोलून नवं केल्यासारखं बांधायचं. 'बांधा'वाल्यांचे पुढारी उद्यमनगरातले एक मिस्त्री. त्यांनी मोटर खोलून पाहिली होती आणि छातीवर हात मारून सांगत होते, "ब्लॉक शाबूत हाय. बोअर मारतो, पिस्टन-रिंगा नव्या घालतो, गिअर हितंच वतून देतो. इलायतेत बी असा बांधणार न्हाईत." आणि ते बढाई मारत नव्हते. त्यांनी याआधीही ती बांधली होती. 'बदला'वाल्यांचं म्हणणं, म्हाताऱ्याला किती दिवस काठी धरून चालवायचं? नवी आणा. त्यासाठी यंदा गणपतीचा मांडव लहान करायचीही त्यांची तयारी होती. मांडव लहान करायला कोल्हापुरातली पेठ तयार होते म्हणजे प्रकरण किती गंभीर असेल, ते जाणत्यांनी ओळखावं.

मी अर्थातच 'बदला'वाली. यंत्राला आयुष्य असतं, धातूला थकवा येतो, असं मी सज्ज्यातून सगळ्यांना सांगत असे. मावशी म्हणायची, "तुला विचारलंय कुणी? वाटाण्याच्या शेंगा सोल."

वस्ताद दोन्ही पार्ट्यांचं ऐकून घेत आणि काही बोलत नसत. पण त्यांचं मन कुठं आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. रोज सकाळी ते घोडीवरच्या मोटरीशेजारी बसून दूध पीत. कुणी तिला विकायचं नाव काढलं की पेला खाली ठेवत. म्हणजे ठरल्यातच जमा होतं. आणि शेवटचा शब्द त्यांचाच, याबद्दल दोन्ही पार्ट्यांत एकमत.

एवढ्यात 'बदला'वाल्यांनी मुंबईहून एक विक्रेता बोलावला. टाय लावलेला, घामानं भिजलेला, सोबत नवीकोरी पांढरी मोटर. त्याचं हिंदी अर्धं इंग्रजी, वस्तादांचं मराठी पूर्ण कोल्हापुरी. मग तालमीच्या बाहेरच्या कट्ट्यावर दुभाषी म्हणून मला बोलावणं आलं. मी काळा चष्मा लावून खाली गेले. संध्याकाळ होती.

"मॅडम, इनको बताइए, टेन हॉर्सपॉवर," विक्रेता म्हणाला.

"दहा घोड्यांची ताकद आहे, वस्ताद," मी सांगितलं.

"आमचा गडी बी धाचाच हाय. पावण्याला इचार, घोडी कुठली? टांग्याची का लष्करातली?"

मी हे इंग्रजीत विचारलं. विक्रेत्यानं घाम पुसला आणि वजन सांगितलं. नवी मोटर जुनीच्या निम्म्यानं हलकी होती.

वस्ताद म्हणाले, "हलका पैलवान चपळ असतो, खरं हाय. पर पुराला अंगावर घ्यायचं तर बूड जड लागतं." त्यांनी मोटरीला प्रदक्षिणा घातली. त्यांचा डावा गुडघा वाकत नसे, त्यामुळे ते पाय फेकत चालत. मग खाली न वाकता, पायाच्या अंगठ्यानं पंखा फिरवून पाहिला. "कागदावर कुस्ती हुत न्हाई, पावणं. आपण लावूनच बघू."

"क्या बोल रहे हैं?" विक्रेत्यानं मला विचारलं.

मलाही कळलं नव्हतं. पण पेठेला कळलं होतं. टाळ्या वाजायला लागल्या होत्या.

कुस्ती म्हणजे अक्षरशः कुस्ती. तालमीच्या नावेला जुनी मोटर, घाटावरच्या भोयांच्या नावेला नवी. नावांची तोंडं विरुद्ध दिशांना, मागच्या कडांना लांब सोल, म्हणजे जाड दोर, बांधलेला, सोलाच्या मधोमध तांबडं फडकं. पाण्यात एक बांबू रोवायचा. फडकं ज्याच्या बाजूला ओढलं जाईल तो जिंकला. यंत्र दुरुस्त करायचं की नवं घ्यायचं हे ठरवायची ही रीत जगात दुसरीकडे कुठं असेल असं मला वाटत नाही. आमच्याकडे ती कुणालाही विचित्र वाटली नाही. उलट इतके दिवस सुचली कशी नाही म्हणून लोक चुकचुकले.

मला तेवढी विचित्र वाटली. मी सज्ज्यातून जाहीर केलं की ही कुस्ती होऊच शकत नाही. प्रत्येक क्रियेला तितकीच प्रतिक्रिया असते. हिनं जितकं तिला ओढावं तितकंच तिनं हिला. सबब दोन्ही नावा जागच्या हलणार नाहीत आणि फडकं बांबूशीच राहील. हे मी इतक्या ठसक्यात सांगितलं की खालची माणसं क्षणभर विचारात पडली. वस्ताद तेवढे पडले नाहीत. मान वर करून म्हणाले, "मंग तुज्या नेमानं आजवर एक बी कुस्ती निकाली व्हायला नको हुती की, बीएस्सी."

खालची पेठ हसली. मागे मावशी हसली. तिचं मला जास्त लागलं.

कुस्तीच्या दिवशी घाटाच्या पायऱ्या दिसत नव्हत्या. हलगी आली होती. पुकारणाराही आला, जणू खासबागेत कुस्त्यांचं मैदान भरलंय. उन्हाळ्याची पंचगंगा, बंधाऱ्यामागं निवांत साचलेली. वस्तादांनी हौद्यातली माती आणली होती. एक बोट त्यांनी आपल्या गड्याला लावलं, मग पाण्यातून चालत दुसऱ्या नावेपाशी गेले आणि एक बोट नव्या मोटरीलाही लावलं. विक्रेता घाईघाईनं रुमाल काढून ते पुसायला गेला, तर शिवा पैलवानानं त्याचं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे, पावणं. आता ती मातीतली झाली."

नवीच्या नावेत शिवा, जुनीच्या नावेत वस्ताद. हलगी थांबली. नवी एका ओढीत सुरू झाली, शिवणयंत्रासारखी. जुनी तीन झटक्यांनी खोकली, निळा धूर ओकली, आणि मग तिचा तो खर्जातला आवाज पायऱ्यांच्या दगडांतून आमच्या तळपायांत आला. सोल ताणला. त्यातलं पाणी पिळून निघालं. फडकं बांबूपाशी थरथरत उभं राहिलं, आणि मी शेजारणीला कोपर मारून म्हटलं, "बघा, नियम."

तेवढ्यात फडकं सरकलं. नवीकडं.

'बदला'वाले ओरडले. नवीचा आवाज चढत गेला. जुनीचा तसाच, खालच्या पट्टीत. वस्ताद दांड्यावर वाकले होते. त्यांनी मोडलेला उजवा कान मोटरीच्या डोक्याला जवळजवळ टेकवला होता. त्यांचे ओठ हलताना मला दिसले. ते तिच्याशी काय बोलले, हे मला कधीच कळलं नाही. पण फडकं थांबलं. मग बोटाबोटानं मागं आलं. बांबूपाशी आलं. बांबू ओलांडला. जुनीनं शेवटी अशी काही ओढ घेतली की नवीची नाव मागच्या मागं फरफटत आली आणि शिवा पाण्यात पडता पडता वाचला.

नंतर जे झालं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. फेटे उडाले. मिस्त्रींना लोकांनी खांद्यावर घेतलं. विक्रेता पायरीवर बसून टाय सोडत होता. कुणीतरी ओरडलं, "बांधा आता गड्याला. धा वरसं बघायला नको."

वस्ताद नावेतून उतरले नव्हते. मोटर बंद केलेली होती, आणि त्यांचा तळवा तिच्या तापलेल्या डोक्यावर तसाच होता. भाजत असणार. हळूहळू सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे वळल्या. मग म्हणाले,

"नवी घ्या."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. सगळ्या घाटाला तसंच वाटलं असावं. मिस्त्री खांद्यावरून खाली उतरले. "वस्ताद, जिकलाय त्यो," ते म्हणाले. "सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जिकलाय. माज्या हातावर इस्वास न्हाई व्हय तुमचा?"

"तुज्या हातावर हाय. तू झ्याक बांधशील." वस्ताद अजून मोटरीकडंच पाहत होते. "पर मी ऐकलं. पयल्यांदा त्यानं मासातनं जोर लावला. मागं सरकला. मग शेवटाला हाडातनं काढला. आतलं जे राखून ठेवल्यालं असतंय ना, मरणाच्या येळंला, त्ये काढलं. त्ये एकदाच निगतंय."

मग त्यांनी त्या दिवसापर्यंत पेठेत कुणी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं ते सांगितलं. खासबागेत त्यांनी उतारवयात एक मोठी कुस्ती मारली होती. तालमीत तिचा फोटो होता, फेटा बांधलेला. "त्या दिशी माजं वस्ताद म्हणालंतं, आता उतर. जिकलायस तवर उतर. मी हसलो. म्होरच्या वर्सी येक कवळं पोरगं माज्या छाताडावर बसलं आन् ह्यो गुडगा गेला." त्यांनी न वाकणाऱ्या गुडघ्यावर थाप मारली. "माजं काय, माजी येकट्याची पाठ मातीला लागली. ह्याची पुरात लागली तर आंबेवाडीच्या बायापोरांची लागंल. ऱ्हाऊ दे. जिकलाय तवर उतरू दे त्याला."

गर्दीच्या कडेला ती शेरडाची बाई उभी होती. बाजाराचा दिवस नव्हता. मुद्दाम आली असणार. तिनं त्या दिवशी नमस्कार केला नाही. पदर तोंडाशी धरून नुसती पाहत राहिली.

मी तोवर पुस्तकांत पुष्कळ थोर माणसं वाचली होती. हरल्यावर बाजूला होणारी. जिंकल्यावर, टाळ्या चालू असताना, स्वतःच्या जिवाभावाच्या गोष्टीला हात धरून खाली उतरवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. काळा चष्मा काढून ठेवावा असं मला आपोआप वाटलं. काढला, आणि घाटावरच विसरून आले. परत मिळाला नाही. बरंच झालं.

नवी मोटर आली. वस्ताद तिला काळजीनं वापरत, पण तिला ते गडी म्हणत नसत. मोटरच म्हणत. "ती मोटर आणा. तिला पेट्रोल घाला." मला वाटलं माझं व्याकरण रुजलं. शिवाला सांगितलं तर तो म्हणाला, "व्याकरन न्हाई. तिनं अजून पूर बघितला न्हाई."

पूर त्याच पावसाळ्यात आला. राधानगरीची दारं उघडल्याची बातमी आली आणि दुपारपर्यंत घाटावरची देवळं शिखरांपर्यंत पाण्यात गेली. पेठेतल्या सगळ्या चुली भाकऱ्या भाजत होत्या. मी भाकऱ्यांची टोपली घेऊन पाण्याच्या कडेला गेले, ती देऊन परत येण्यासाठी. वस्तादांनी मोटरीचा दांडा धरून हाक दिली, "बीएस्सी, बस नावंत. बायका माडीवर अडकल्यात. आमच्या उगड्या पैलवानांच्या हाताला हात देत न्हाईत."

"मला पोहता येत नाही, वस्ताद."

"तुला पवाय कोण बोलिवतंय? हात द्यायला बोलिवतोय."

मी बसले. सोबत शिवा. तो पूर मी अजून कधीतरी झोपेत पाहते. लाल पाणी, उसाचे मोडलेले फड, कुणाचं छप्पर, त्यावर बसलेली कोंबडी. आंबेवाडीत एका माडीच्या खिडकीशी नाव लावली. मी हात दिला, बायका उतरल्या. शेवटची उतरली ती तीच बाई. तिच्याजवळ नवं शेरडू होतं, आणि त्याचा कासरा तिनं मनगटाला वेढे घालून बांधला होता. वस्तादांना पाहून तिनं तसाच, बांधलेल्या हातानं नमस्कार केला. मला त्यांच्या तोंडाकडं बघवलं नाही.

परत येताना, आदल्या वर्षी जिथं झालं होतं जवळजवळ तिथंच, मोटर अडखळली आणि गप्प झाली. कुणाच्या तरी गोठ्यातला वाहत आलेला दोर पंख्याला गुंडाळला होता. शिवानं वल्ह्यानं बाभळीचा शेंडा अडवून नाव धरली. त्याला हात सोडता येईना. वस्तादांनी मोटर वर उचलली, पण पंख्यापर्यंत वाकायला गुडघा लागतो, आणि तो त्यांच्याकडं नव्हता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. विळा पुढं केला.

मी नावेच्या कडेवर पालथी पडले. पाय शेरडाच्या बाईनं धरले. डोकं पाण्यावर, हातात विळा, आणि दोर ओला, चिवट, तुटेना. मी मावशीच्या देवाला हाक मारली, आमच्या देवाला मारली, आणि खरं सांगते, क्रिया-प्रतिक्रियेच्या नियमालाही मारली. कुणीतरी ऐकलं. दोर तुटला. विळा पाण्यात गेला. मला मागं ओढून घेतलं तेव्हा माझी व्हॉइलची साडी कुठल्या रंगाची होती, ते सांगता येणार नाही असं झालं होतं.

वस्तादांनी मोटर खाली सोडली. कान लावला. एकदाच दोरी ओढली. ती सुरू झाली.

घाटाच्या वरच्या अंगाला लोक वाट बघत होते. नाव लागताच मिस्त्री पुढं आले. त्यांनी रुसवा अजून सोडला नव्हता. पण त्यांनाच राहवलं नाही. "कसं काय, वस्ताद?"

वस्ताद दगडावर उतरत होते, एक हात माझ्या खांद्यावर टेकून. त्यांचं वजन मला पेललं कसं, कुणास ठाऊक. ते म्हणाले, "गडी चांगला हाय."

एवढंच. मग त्यांनी शिवाला मोटरीच्या दांड्याकडं बोट दाखवलं. "आता तू." शिवा नको नको म्हणत होता, पुराचे दिवस संपले नव्हते. वस्तादांनी मागं वळून पाहिलं नाही. त्या दिवसानंतर ते नावेत बसले नाहीत. जिंकल्या दिवशी उतरले.

पुढं लग्न होऊन मी बिद्रीला गेले. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं. क्रिया-प्रतिक्रियेचा धडा आला की नावांची ही कुस्ती सांगायची आणि मुलींना विचारायची, माझं कुठं चुकलं होतं? एखादी हुशार मुलगी पाण्याचं नाव घ्यायची, की नाव सोलावर नाही, पाण्यावर रेटा देते. मी तिला शाबासकी द्यायची आणि मनात म्हणायची, वस्तादांना हे सांगितलं असतं तर म्हणाले असते, "त्येच की. मातीवर पाय कुणाचा घट हाय, त्येवढंच."

सन ऐंशीच्या पुढं कधीतरी माहेरपणाला मावशीकडं आले तेव्हा वस्ताद थकले होते. डोळ्यांना दिसत नव्हतं. तालमीच्या कट्ट्यावर खाट टाकली होती, आणि उंबऱ्याच्या आत, मुद्गलांच्या शेजारी जुनी मोटर होती, तेल लावलेली, चकचकीत. नव्या पोरांना ती सुरू करून बघायची फार हौस. वस्ताद करू देत नसत. "निजलाय त्यो," म्हणत. मी पायरी चढले. अजून काही बोलले नव्हते.

"बीएस्सी," ते म्हणाले. "चप्पल नवी घेतलीस."

मी बराच वेळ त्यांच्या पायाशी बसले. त्या पुराच्या दिवशी गडी कुणाला म्हणालात, ते विचारायचं होतं, विचारलं नाही. तो पावसाळा संपायच्या आत ते गेले. त्यांना घाटावर नेलं तेव्हा पुढं हलगी होती आणि पेठेच्या दोन्ही पार्ट्या खांदा द्यायला भांडत होत्या.

परवा नातवाला ही हकीकत सांगितली. तो इंजिनिअर होतोय. हातात पुस्तकाऐवजी फोन, बाकी सगळं माझ्यासारखंच. तो म्हणाला, "आजी, त्यात काय एवढं? मिस्त्रींनी विचारलं, त्यांनी सांगितलं, गडी चांगला आहे. ते त्या नव्या मोटरीबद्दलच बोलत होते. उघड आहे."

मी म्हटलं, "तू होतास त्या नावेत?"

"नाही."

"मग गप."